कर्ता वगळला तरी चालतो

बुटीबोरीच्या कारखान्यात बाबांचं यंत्र सुरू होईपर्यंत
आम्ही खामल्यात राहतो, तिसऱ्या मजल्यावर.
संत्र्यांबद्दल सगळेच विचारतात,
म्हणून संत्र्यांबद्दल मी काही लिहिणार नाही.

नववी ब. खिडकीकडून दुसरा बाक.
शेजारी तक्षशिला गजभिये.
पहिल्या दिवशी तिनं विचारलं,
"काहून आली बे कोतोने, इतक्या दूर?"
मी शब्दकोशात 'काहून' शोधलं. नव्हतं.

माझ्या जिभेवर ल नाही.
लाइट म्हणायला जाते आणि राइट होतं,
लायब्ररीत तर दारातच अडखळते.
तक्षशिलाच्या जिभेवर ळ नाही.
ती काळ्याला काया म्हणते, फळ्याला फया,
आणि मराठीच्या तासाला उभी राहते.
मी इंग्रजीच्या.
आमचा बाक कधी पूर्ण रिकामा होत नाही.

पहिल्याच आठवड्यात, शाळा सुटल्यावर,
मी कोपऱ्यातला झाडू घेतला.
ओकायामाला आम्ही सगळेच घ्यायचो,
कुणी फडकं, कुणी बादली,
मुख्याध्यापक जिना पुसायचे, टाय खिशात खोचून.
देवपुजारी मॅडम धावत आल्या
जणू माझ्या हातात साप होता.
"राहू दे बेटा, राहू दे. त्याला मंजुळाबाई आहेत."

मंजुळाबाईंनी झाडू घेतला.
मॅडम गेल्यावर हळूच म्हणाल्या,
"तुमच्या तिकडं सारेच झाडतेत का माय?"
"हौ." हा शब्द मला सगळ्यात आधी आला होता.
"मास्तरबी?"
"हौ."
त्या हसल्या नाहीत.
पहिल्या बाकावर बसल्या, पाय सोडून,
आणि फळ्यावरची तारीख
अक्षर अक्षर लावून वाचली.

मार्चमध्ये पॅसिव्ह व्हॉइस आला.
कूलरमध्ये पाणी भरलं गेलं नव्हतं,
पंखा नुसतीच झळ फेकत होता.
मॅडमनी इंग्रजीत लिहिलं, वर्ग रोज झाडला जातो.
"पुढे 'बाय' लिहायची गरज नाही.
कर्ता महत्त्वाचा नसेल तर वगळला तरी चालतो."
सगळ्यांनी उतरवून घेतलं. मीही.

जपानीतही आम्ही कर्ता वगळतो.
आई रविवारी आजीशी तासभर बोलते
आणि एकदाही 'मी' म्हणत नाही.
मला वाटायचं, हा नम्रपणा आहे.
आता तेवढी खात्री वाटत नाही.
ओकायामाच्या शाळेत
रात्री कचऱ्याच्या गाड्या कोण भरायचं?
आम्ही पिशव्या बांधून ठेवायचो,
सकाळी त्या नेलेल्या असायच्या.

मराठीत निदान 'झाडते' म्हटलं की बाई दिसते.
'झाडला जातो' म्हटलं की
नुसता वर्ग.

परीक्षेत वाक्य आलं, कुणीतरी वर्ग झाडतं, प्रयोग बदला.
मी बदलला. शेवटी 'बाय' लिहिलं
आणि त्याच्यापुढे मंजुळाबाईंचं नाव.
लिहिताना पेन थांबलं.
इंग्रजीतही ळ नाही.
तिथेही एलवरच भागवतात,
आणि कुणी त्यांना तासभर उभं करत नाही.
अर्धा मार्क गेला. लाल शाईत, अनावश्यक.

तक्षशिला पेपर बघून म्हणाली, "येडी आहेस."
मग तर्री-पोह्यांचे पैसे तिनंच दिले.

फाटकापाशी ती हाक मारते, "मंजुयाबाई!"
मी हाक मारते, "मंजुराबाई!"
त्या दोघींनाही ओ देतात.
काल विचारलं, खरं नाव नक्की कसं म्हणायचं?
पदराला हात पुसत त्या म्हणाल्या,
"मंजुया."

म्हणजे तो ळ कुणाच्याच तोंडात नाही.
आहे तो फक्त हजेरीपटात,
जिथे त्या रोज सही करतात, सावकाश,
ळ काढताना
दोनदा पेन उचलून.